एकवीस वॅट

उद्यमनगरात दुपारी एकला लेथ थांबतात.
जेवणाच्या सुट्टीत तेवढं
मला गाडीचं ऐकू येतं.

डॉक्टर मगदूम, गुरांचे.
पांढरी जीप, मागं नायट्रोजनचं भांडं,
पार वारणाकाठापर्यंतची गावं.
"तिसऱ्यांदा बंद पडली, इलाही.
जोतिबाच्या घाटात, नेमकी वळणावर.
गार झाली की परत सुरू,
जसं काय झालंच नाही."

स्कॅनर लावला. त्याचं एकच पालुपद:
इंधन दाब नियंत्रक, सर्किट.
शाहूपुरीतल्या एकानं ‘नियंत्रक’ वाचलं
आणि नवा बसवला.
शिरोलीतल्यानं आणखी एक.
तिसरा म्हणाला, पंपच उतरवू, चाळीस हजार.
स्वल्पविरामाच्या पुढं
कुणी गेलंच नाही.

नियंत्रक म्हणजे काय, अंगठ्याएवढी कॉइल.
डिझेल किती दाबून धरायचं,
किती टाकीत परत सोडायचं,
तेवढंच तिचं काम.
दोन तारा फक्त.
एकीतून बारा व्होल्ट, दुसरीतून हुकूम.

मीटर लावलं. बारा पॉइंट चार.
कॉइल दोन पॉइंट नऊ ओहम, नवीच ती बिचारी.
तार तपासली,
मीटर पीं करून म्हणालं, आहे, आहे.
डॉक्टर स्टुलावर बसून घड्याळ बघत होते.
पडळला एक म्हैस माजावर आलेली,
माज कुणासाठी थांबत नाही.

मीटर खोटं बोलत नाही.
ते विचारतंच फार थोडं.
केसाएवढं तांबं उरलं असलं
तरी त्यातून बारा व्होल्ट डोकावतात.

म्हणून ड्रॉवर उपसला,
मेटॅडोरच्या ब्रेकचा जुना दिवा काढला, एकवीस वॅट,
आणि त्या तारेवर त्याचं ओझं टाकलं.
दिवा उजळला नाही.
नुसता लालसर झाला,
फाउंड्रीत रात्रपाळी सुटताना
कोळसा असतो तसा.
मीटर बारावरून चारवर घसरलं.

मग एका हातात तार, डोळे दिव्यावर,
चाचपत मागं मागं,
बॅटरीच्या बुडाखालून,
रेडिएटरच्या नळीला वळसा घालून,
पत्र्याच्या त्या कोपऱ्यापर्यंत
जिथं मनगट वाकडं केल्याशिवाय जात नाही.
तिथं हलवलं. विझला.
सोडलं. परत लाल.

काळी टेप. टोक दुमडलेलं.

कोल्हापुरात इलेक्ट्रिशियन पुष्कळ.
टेपचं टोक दुमडून ठेवतो
तो मी.
पुढच्या माणसाला नखानं धरता यावं म्हणून.

महापुराच्या वर्षी
ही जीप दोन दिवस व्हीनस कॉर्नरला बुडालेली.
दारात गाड्यांची रांग, वीज नाही,
सोल्डर तापवायचा कशावर.
पीळ दिला, टेप मारली,
म्हणालो, नंतर बघू.

उलगडलं. तांबं हिरवं,
बोटाला पूड लागली.
एक धागा शाबूत होता, एकच.
बाकीच्यांचं काम
तो एकटा ओढत होता घाटापर्यंत,
तापला की हात टेकत होता.

डॉक्टरांना सांगितलं.
सांगायच्या आधी
पक्कड जरा जास्तच वेळ पुसली, हेही खरं.
"जोड माझाच होता.
दोन नियंत्रकांचे पैसे गेले तुमचे."

ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत.
भांड्याचं झाकण दाबून बघत म्हणाले,
"भरलेली म्हैस उलटली
तर दुसऱ्या खेपेला आम्हीबी पैसे घेत नाही.
चल, आटप."

या खेपेला सोल्डर वितळून
तांब्याच्या पोटात शिरेपर्यंत थांबलो.
वर टेप. टोक दुमडलं, सवयीनं.
दिवा असा पांढरा पेटला
की मान वळवावी लागली.

तोवर लेथ सुरू झाले होते.
जीप सुरू झालेली
मला ऐकू आली नाही.
बॉनेटच्या कडेवर टेकलेल्या
हाताला कळली.